पिशवीचा इतिहास

आमच्या मुळशी तालुक्याचं नाव घेतलं की लोकांना टाटांचं धरण आठवतं, सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो, नाहीतर हिंजवडीच्या कंपन्या. याच तालुक्यात कासारसाईला साखर कारखाना आहे आणि दर हिवाळ्यात आसपासच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात, हे पुण्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. मला माहीत झालं ते शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणामुळे. हातात तक्ता घेऊन कोपी-कोपी फिरायचं, मुलांची नावं-वयं लिहून घ्यायची आणि जमलं तर त्यांना शाळेत आणायचं, हे काम आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येतं.

अशाच एका फेरीत बीड जिल्ह्यातून आलेल्या एका बाईला मी विचारलं, "आणखी लहान मूल आहे का घरात?" ती वाढ्याचे भारे बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कुठलं म्याडम. पिशवी काढली की." वय विचारलं, तर एकोणतीस.

हे वाक्य मला नवं नव्हतं. आमच्या खालानेही ते असंच, बाजारातून कोथिंबीर आणली म्हणावं तशा आवाजात, अम्मीला सांगितलं होतं. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. अंगावरून जास्त जात होतं. एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल असं सांगितलं गेलं आणि आठवड्याभरात शस्त्रक्रिया उरकली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती, हे घरात कुणाला कळलं नाही. पंचेचाळिशीत मोरीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा कागद चाळताना दुसऱ्या डॉक्टरांनी ते वाचलं. अंगाची आग होणं, रात्र रात्र झोप नसणं, ठिसूळ झालेली हाडं, यांची सांगड बारा वर्षांत कुणी घातली नव्हती. आम्ही तिला चिडकी म्हणायचो.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण त्या कोपीतून परत आल्यावर मी या "पिशवी"बद्दल मिळेल ते वाचायला लागले. सुरुवात अर्थात शब्दापासून केली. उर्दूत गर्भाशयाला बोलीत बच्चादानी म्हणतात आणि पुस्तकी भाषेत रहिम. हा अरबी शब्द रे, हे, मीम या तीन अक्षरांनी लिहितात, आणि दया या अर्थाचा रहम हा शब्दही त्याच तीन अक्षरांनी. मधल्या अक्षराखाली जेर दिला तर गर्भाशय, नाही दिला तर दया. रोजच्या उर्दू लिखाणात जेर-जबर कुणी देत नाही, त्यामुळे वाक्य पुढे वाचल्याशिवाय कोणता शब्द आहे ते उमगत नाही. नातीगोती सांभाळणं याला सिला-रहमी म्हणतात, त्यातही तेच मूळ. मराठीत आपण ज्याला पिशवी म्हणतो त्याला एका भाषेने दयेच्या घरात जागा दिली. पण शब्द कितीही देखणा असला तरी वैद्यकाने त्या अवयवाला फारसा मान दिला नव्हता. ग्रीक भाषेत गर्भाशयाला हिस्टेरा म्हणतात. त्यावरूनच हिस्टेरिया आला आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव हिस्टेरेक्टॉमीही. आमच्या युनानी ग्रंथांतही इख्तिनाकुर्रहिम, म्हणजे गर्भाशयाची घुसमट, हा आजार ऐटीत नांदतो. बाईला काही झालं की दोष पिशवीचा, ही समजूत अशी सर्वधर्मीय आणि सर्वदेशीय आहे.

पिशवी म्हणजे मूल ठेवायची थैली, तिला स्वतःचं काही काम नाही, हा समज मोडायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०८ साली व्हिएन्नात हिट्शमान आणि आडलर या दोन डॉक्टरांनी एक साधीच गोष्ट केली. बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, तो नमुना पाळीच्या कितव्या दिवशी घेतला याची नोंद त्यांनी नीट लावली. तोवर डॉक्टर काय करत होते? कुणाचं अस्तर जाड दिसलं, कुणाच्या ग्रंथी वाकड्यातिकड्या दिसल्या की त्याला दाह म्हणत, वेगवेगळी नावं देत आणि खरवडून काढत. या दोघांनी दाखवलं की यातले बहुतेक "आजार" हे आजार नाहीतच. प्रत्येक निरोगी बाईचं अस्तर महिनाभर असंच बदलतं: पातळ असतं, वाढतं, जाड आणि ओलसर होतं, गळून पडतं, पुन्हा उगवतं. दहाव्या दिवशीचं अस्तर आणि बाविसाव्या दिवशीचं अस्तर एकसारखं दिसेल अशी अपेक्षा धरणं हीच चूक होती. निरोगी शरीराला आजारी ठरवून त्याच्यावर हत्यार चालवण्याची ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. ती मी दोनदा वाचली, कारण खालाच्या कागदावर "पिशवीला सूज" एवढंच लिहिलं होतं. पाळीचा कितवा दिवस होता, ते कुठेच नव्हतं.

अस्तर बदलतं हे कळलं. पण बदलायचा हुकूम कोण देतं? सुगावा अंडाशयात लागला होता. १९०३ मध्ये लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशांच्या अंडाशयातला पीतपिंड नष्ट केला, तेव्हा गर्भ टिकला नाही. बीज बाहेर पडल्यावर त्या जागी जी पिवळट गाठ तयार होते तो पीतपिंड. १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी त्या पिंडाचा अर्क काढला आणि पिंड काढून टाकलेल्या सशांना टोचला, गर्भ टिकला. १९३४ मध्ये तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला आणि त्याला प्रोजेस्टेरॉन हे नाव मिळालं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढलेल्या अस्तराला गर्भासाठी तयार करतं. शेतकऱ्याच्या घरात कुणालाही समजेल असं सांगायचं तर एक जण नांगरतो, दुसरा वाफसा आणतो. वाफसा चुकला तर बियाणं कितीही चांगलं असो, उगवत नाही. गर्भ रुजण्यासाठी अस्तर महिन्यातले जेमतेम काही दिवसच तयार असतं, बीज सुटल्यानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास.

१९४० चा एक प्रयोग वाचून तर मी स्टाफरूममध्ये मोठ्याने "या अल्लाह" म्हणाले. मार्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत बसवले. डोळ्याचा पडदा पारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसतं. तुकडे तिथे रुजले, महिन्याच्या हिशेबाने वाढले आणि पाळीच्या दिवशी डोळ्यात रक्त आलं. पाळी येण्याआधी तिथल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात, अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग ते गळतं, हे माणसाने पहिल्यांदा असं पाहिलं. त्या माकडिणींची दया येते. पण ज्या रक्ताला आपल्या दोन्ही समाजांतल्या वडीलधाऱ्यांनी नुसतं अपवित्र म्हणून कोपऱ्यात बसवलं, ते रक्त कसं येतं हे पाहायला इतका आटापिटा करावा लागला, हेही खरं.

हार्मोनचा हिशेब असा लागत असतानाच एक वेगळंच कोडं पुढे आलं. पीटर मेडावार हा इंग्रज आई आणि लेबनीज वंशाचा बाप यांचा, ब्राझीलमध्ये जन्मलेला मुलगा. परक्या माणसाची कातडी अंगावर लावली तर शरीर ती का नाकारतं, यावर त्याने आयुष्य घालवलं आणि १९६० चं नोबेल पारितोषिकही त्याला त्याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. १९५३ मध्ये त्याने विचारलं: गर्भ निम्मा आईचा आणि निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने निम्मा परका. याच मुलाची कातडी पुढे आईला लावली तर तिचं शरीर ती झिडकारेल. मग नऊ महिने ते मूल पोटात कसं राहतं? त्याने तीन शक्यता मांडल्या. आई आणि गर्भ यांच्यात भिंत असेल, किंवा गर्भाची परकी ओळख अजून पुरती उमटलेली नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती तेवढ्यापुरती झोपत असेल.

तिन्ही उत्तरं अपुरी निघाली. आईची प्रतिकारशक्ती झोपत नाही. झोपली असती तर प्रत्येक गरोदर बाई साध्या तापानेही दगावली असती. खरं उत्तर पुष्कळसं अस्तरातच सापडलं. प्रोजेस्टेरॉनच्या हुकमाने अस्तराच्या पेशी फुगतात, त्यांची जातच बदलते, आणि तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला अस्तरातल्या अशा पेशींपैकी साधारण सत्तर टक्के एकाच प्रकारच्या असतात. त्यांचं नाव "नैसर्गिक मारेकरी" पेशी. रक्तातल्या त्यांच्या बहिणी विषाणूंनी पछाडलेल्या पेशी मारतात. अस्तरातल्या मात्र मारत नाहीत, त्या वारेच्या पेशींना रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त पुरेल. वारेच्या पेशीही आपली नेहमीची ओळख लपवून एक वेगळी, सौम्य ओळख दाखवतात. शिवाय इतर काही पेशी तंटा वाढू नये म्हणून पहाऱ्याला असतातच. एकंदर काय, दारावरच्या पहारेकऱ्यांनीच पाहुण्याचं सामान आत आणून ठेवावं तसा हा प्रकार. जिथे हा कारभार बिघडतो तिथे कधी वारंवार गर्भपात होतात, कधी गरोदरपणात रक्तदाब चढतो. मारेकरी हे नाव मात्र फार वाईट ठेवलं गेलं. त्या नावाच्या भीतीवर कितीतरी ठिकाणी महागड्या तपासण्या आणि सलाइनं विकली जातात, ज्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. मूल टिकत नाही म्हणून सासरचे टोमणे खाणाऱ्या बाईला "तुझ्याच अंगातल्या पेशी बाळाला मारतात" असं सांगणं, हा मला तरी गुन्हा वाटतो.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय चाललं होतं? १९२१ साली, आमच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला त्याच वर्षी, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. गणिताचा प्राध्यापक माणूस. या कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. बाईच्या शरीराबद्दल मराठीत सरळ शब्दांत लिहिता येतं, हे त्यांनी दाखवलं. मी या विषयावर मराठीत लिहायला धजावते त्यात त्यांचा वाटा आहे.

कर्व्यांना ज्या कामासाठी वाळीत टाकलं, ते स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरण झालं. १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. गर्भनिरोधकं तपासायला मुंबईत एक छोटा विभाग निघाला आणि त्यातूनच १९७० मध्ये परळला प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. लोकसंख्या कमी करायची म्हणून मिळालेल्या पैशावर ही संस्था वाढली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात तिथल्या चंदर पुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉनेट जातीच्या माकडिणींना प्रोजेस्टेरॉनचं काम अडवणारं औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं. बीज नेहमीसारखं सुटत राहिलं, पण अस्तर मागे पडलं आणि गर्भ राहिला नाही. शोधायचं होतं नवं गर्भनिरोधक. हाती लागली ती अस्तर गर्भाला केव्हा आणि कशामुळे स्वीकारतं याची माहिती. ज्यांना मूल नको त्यांच्यासाठी केलेलं काम ज्यांना मूल हवं त्यांच्या उपयोगी पडावं, असं हे शास्त्र आहे.

त्याच परळमध्ये, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार या कामात त्यांच्या बरोबर होते. ही भारतातली पहिली, असं आम्ही शाळेत पाठ केलं. पुढे १९९७ मध्ये खुद्द आनंद कुमार यांनीच लिहिलं की पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांचा आहे. मुखर्जींच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली होती. सरकारी समितीने त्यांना खोटं पाडलं, डोळ्यांच्या संस्थेत बदली केली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं मिळवली, पण गर्भ लगेच आत सोडला नाही. गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत सोडला. हार्मोनच्या माऱ्याने अस्तर बिघडलेलं असू शकतं, ते सावरू द्यावं, हा त्यातला विचार. आज जगभर हेच पुष्कळ वेळा करतात. स्वतःच्या कामाचा मान कमी होतोय हे माहीत असून दुसऱ्याचं नाव पुढे करणारे आनंद कुमार मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळचे वाटतात.

आणि मग पुणं. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरकडची एकवीस वर्षांची मुलगी, जन्मतःच गर्भाशय नव्हतं. तिला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं. दुसऱ्याच दिवशी बडोद्याच्या एका तरुणीला तिच्या आईचं. या दुसऱ्या बाईचं गर्भाशय जागेवर होतं, पण वारंवार गर्भ गेल्यानंतर आतल्या अस्तरावर वण पडून ते आतल्या आत चिकटलं होतं. पिशवी होती, अस्तर नव्हतं, म्हणून मूल नव्हतं. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली, ज्या गर्भाशयातून ती स्वतः जगात आली त्याच गर्भाशयातून. स्वीडनमध्ये असं पहिलं मूल २०१४ मध्ये जन्मलं होतं. आईचं असलं तरी हे गर्भाशय लेकीच्या शरीराला परकंच. ते नाकारलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात, आणि बाळंतपणं उरकली की ही औषधं थांबवता यावीत म्हणून गर्भाशय पुन्हा काढतात. मेडावारचं कोडं इथे उलटं उभं राहतं. निम्म्या परक्या बाळाला नऊ महिने सांभाळणारं शरीर सख्ख्या आईचा अवयव औषधाशिवाय ठेवून घेत नाही. त्या अस्तरात काय चमत्कार भरलाय, हे याहून वेगळं काय सांगावं!

पुण्यात ही मुलगी जन्मली, त्यानंतर वर्षाच्या आत बीडच्या बातम्या आल्या. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारने सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहातली एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

कारणं सगळ्यांनी वाचली आहेत, थोडक्यात सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. पहाटे फडावर, डोक्यावर मोळी, ट्रकवर चढवायची. खाडा झाला की दंड. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत तोच कपडा. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. जे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होईल त्याला "पिशवी सडली" असं नाव मिळतं आणि कॅन्सरचा धाक. शस्त्रक्रियेचे पैसेही बऱ्याचदा उचलीतून. कधी खरोखर गर्भाशय काढावं लागतं, कॅन्सर असतो, रक्तस्राव कशानेच थांबत नाही, हे मला मान्य आहे. पण सहातल्या एकीला? या बातम्यांनंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

हंगाम संपायच्या आधी मी पुन्हा त्या कोपीवर गेले. तिची मधली मुलगी तोवर शाळेत यायला लागली होती, तिचा दाखला कसा करायचा ते सांगायचं होतं. बोलता बोलता मी तिला पुण्याच्या त्या दवाखान्याची गोष्ट सांगितली. भाकरी थापता थापता ती ऐकत होती. मग हात थांबवून म्हणाली, "म्हंजे परत बसवता येती?"

मी म्हटलं, येते, पण सोपं नाही. खर्च आहे, रोजची औषधं आहेत, आणि मुळात कुणीतरी द्यावी लागते. बहुतेक वेळा आईच देते.

ती हसली. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "माझ्या आईची तर माझ्या आधीच काढलीया."